खुडूक कोंबडीला हाकलू नका

मागच्या महिन्यात एका रविवारी असरच्या नमाजनंतर शेजारच्या खाला आमच्या ओट्यावर येऊन टेकल्या. एरवी रविवारी त्या येतात त्या अंड्यांची टोपली घेऊन. या वेळी हात रिकामे होते. चहा घेतला, घरच्यांची खुशाली विचारली आणि मग म्हणाल्या, "बेटा, माझ्या खुराड्यात आठ कोंबड्या उरल्यात. अंडी टाकतात आणि चालू पडतात. एक म्हणून खुडूक होत नाही. आता पिल्लं आणू कुठून?"

हा प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला यात त्यांचे काही चुकले नाही. चूक आमची होती. चार वर्षांपूर्वी त्यांच्याकडे दहा-बारा गावठी कोंबड्या होत्या. काळ्या, तांबड्या, दोन-तीन उघड्या मानेच्या. खालांचे मियाँ गेल्यापासून घरातले औषधपाणी आणि विजेचे बिल या कोंबड्यांवरच निघत असे. आम्ही शिकलेसवरले म्हणून त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, त्यातले निम्मे दिवस खुडूक बसण्यात आणि पिल्ले फिरवण्यात जातात. सुधारित जातीची कोंबडी नीट खाऊ घातले तर दीडशेच्या पुढे जाते. खालांना हिशेब पटला. गावठी कोंबड्या बाजारात गेल्या आणि सुधारित जातीची तीस पिल्ले घरात आली.

पहिले वर्ष हिशेबाप्रमाणे गेले. दुसऱ्या वर्षी अंडी उतरली, तसे पुन्हा पिल्ले विकत घेणे आले. गाडीवर विकायला येणारी पिल्ले कुठून येतात, त्यांना लस दिलेली आहे की नाही, कोण सांगणार? गेल्या पावसाळ्याआधी आणलेल्या पिल्लांबरोबर मानमोडी घरात आली. आठ दिवसांत बावीस पक्षी गेले. जे आठ उरले, त्यांना अंड्यावर बसायचे असते हेच ठाऊक नाही.

कोंबड्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वनराज आणि ग्रामप्रिया या जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत, तर गिरिराज बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात परसातल्या पालनासाठीच तयार झाल्या. त्या रंगीत आहेत, काटक आहेत, उकिरडा उकरून पोट भरतात. पण अंडी जास्त हवीत म्हणून निवड करत गेले की खुडूकपणा आपोआप मागे पडतो, कारण खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही. शिवाय या कोंबड्या संकरातून आलेल्या. त्यांची अंडी उबवून पिल्ले काढली तरी ती आईसारखी निपजतील याची खात्री नसते. म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी नवी पिल्ले विकत घेणे हा त्या हिशेबातलाच खर्च होता. आम्ही तो कागदावर मांडलाच नव्हता.

आता आमच्या स्वतःच्या अंगणाचे सांगतो, कारण तिथेही आम्ही तेच केले आणि तेही सुधारित जात न आणता. कोंबडी खुडूक झाली की तिला थंड पाण्यात बुचकळायचे, नाकपुडीतून पीस ओवायचे, एक पाय बांधून उघड्यावर ठेवायचे, म्हणजे ती पुन्हा लवकर अंड्यावर येते, हे आपल्या घरांत सर्रास चालते. आम्हीही तेच करत होतो. जी कोंबडी एवढे करूनही ऐकत नसे ती पाहुणे आले की पहिली हलाल होई. जी कधीच खुडूक होत नसे तिचे कौतुक, तिचीच अंडी पिल्लांसाठी शेजारच्या कोंबडीखाली. असे सात-आठ वर्षे केले. मग एका हिवाळ्यात लक्षात आले की आमच्या चौदा कोंबड्यांत रवणीला बसणारी एकच उरली आहे. आम्ही नकळत हाताने निवड केली होती आणि आम्हाला नको तो गुण बरोबर राखला होता.

ती एक कोंबडी वाचली ती तिच्या लबाडीने. उघड्या मानेची, अंगाने बारकी, सव्वा किलोचीही नसेल. ती कधी खुराड्यात अंडी घालत नसे. लाकडाच्या माचामागे, एकदा करवंदीच्या जाळीत, एकदा पडक्या न्हाणीघराच्या कोनाड्यात. दोन दिवस दिसली नाही की आम्ही म्हणायचो, मुंगसाने नेली. आणि तीन आठवड्यांनी ही बाई आठ-नऊ पिल्ले घेऊन अंगणात हजर. तिला पाण्यात बुचकळायला ती हाती लागायला हवी ना!

एका सफरीत काही सहाबांनी एका लहान पक्षिणीची दोन पिल्ले उचलली आणि ती पंख पसरून त्यांच्याभोवती घिरट्या घालू लागली. तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी तिला कोणी दुःख दिले अशी विचारणा करून पिल्ले परत द्यायला लावली. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे आणि मुलांना आम्ही ती कितीदा तरी सांगितली आहे. पण नाकात पीस ओवलेली कोंबडी अंगणात डोके झटकत फिरत असताना ती आम्हाला आठवली नाही, हे कबूल करायला हवे. अंडी आपल्या हक्काची आहेत, ती घ्यावीत. कोंबडीला बसू द्यायचे नसेल तर तिला दोन-चार दिवस हवेशीर, उजेडाच्या, खाली गवत नसलेल्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन ठेवले की तिचा खुडूकपणा उतरतो. त्यासाठी छळ लागत नाही.

खुडूकपणा म्हणजे काय, ते थोडे समजून घेऊ. कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढू लागले की तिचे अंडे देणे थांबते आणि बसण्याची ओढ लागते. पोटाला अंड्यांचा स्पर्श, घरट्यातला अंधार आणि शांतता यांनी ही ओढ वाढते. रोजच्या रोज अंडी उचलली, घरटे उजेडात असले, मुले सारखी डोकावत राहिली, की ती मोडते. मात्र मुळात रक्तात गुण नसेल तर कितीही अंधार केला तरी कोंबडी बसणार नाही. खालांच्या आठ कोंबड्यांसाठी आमच्याकडे काही उपाय नव्हता, तो यामुळेच.

गुण असलेल्या कोंबडीला मात्र मदत करता येते. घराच्या मागच्या बाजूला, पायरव नसलेल्या कोपऱ्यात, जमिनीलगत एक पसरट टोपली किंवा फळ्यांची पेटी ठेवा. तळाला थोडी माती किंवा राख, वर भाताचा पेंढा, मधे किंचित खोलगट. तोंडावर गोणपाटाचा पडदा. ती तिथे अंडी घालू लागली की सगळी उचलू नका. खरी अंडी तिथेच साठवली तर उन्हाने आणि तुडवण्याने खराब होतात, म्हणून त्यांच्या जागी खोटी ठेवा. लाकडी, चिनी मातीची किंवा प्लास्टरची, काहीही चालते. आमच्या मुलांनी तर नदीतले गुळगुळीत गोटे आणून दिले होते आणि कोंबडीची काही तक्रार नव्हती. चार-पाच खोटी अंडी पोटाखाली लागू लागली की बसणारी कोंबडी आठ-पंधरा दिवसांत बसते. या काळात तिला दाणा कमी पडू देऊ नका. एकवीस दिवस ती जवळजवळ उपाशी राहणार असते, त्यामुळे अंगात चरबी हवी. आणि उवा-पिसवा झालेली कोंबडी रवणीवर टिकत नाही. राखेत आणि कोरड्या मातीत लोळायला जागा ठेवली की निम्मे काम होते.

ती खरेच खुडूक झाली की नाही, हे रात्री पाहावे. दिवसा तासभर बसून उठणाऱ्या पुष्कळ असतात. इशानंतर हात लावला असता फुगून बसते, गुरगुरते, चोच मारते, पण उठत नाही. पोटाखालची पिसे झडून कातडी गरम लागते. तुरा फिकट पडतो. दिवसातून एकदाच उठून मोठी, घाण वासाची विष्ठा टाकते आणि कुक् कुक् करत परत जाते. अशी सलग दोन-तीन रात्री बसली, तर खरी अंडी द्यावीत. ती रात्रीच द्यावीत आणि सगळी एकदम द्यावीत. आज चार, परवा तीन असे केले तर पहिली पिल्ले निघाली की आई त्यांना घेऊन उठते आणि उरलेली अंडी गार पडतात.

अंडी आठवड्याच्या आतली हवीत, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांचीच. धुऊ नयेत, फ्रीजमध्ये ठेवू नयेत. निमुळते टोक खाली करून कोंड्यात किंवा तांदळात गार जागी ठेवावीत. फार लांबट, फार गोल, तडा गेलेली नकोत. कोंबडा कळपात असेल त्याच घरची अंडी घ्यावीत. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत, कारण त्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो. अम्मी नेहमी अकरा अंडी ठेवत. एकी आकडा असला की मधले अंडे नीट बसते, असे त्यांचे म्हणणे. ते पटो न पटो, बारक्या गावठी कोंबडीच्या पोटाखाली अकरा बरोबर मावतात. काही घरांत वीज कडाडून अंडी खराब होऊ नयेत म्हणून टोपलीत कोळसा आणि लोखंडी खिळा ठेवतात. आपण कोळसा चुलीत घालावा आणि खिळा भिंतीत ठोकावा.

सातव्या रात्री अंडी एकेक करून टॉर्चसमोर धरावीत. आत कोळ्यासारखा ठिपका आणि त्याच्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव आहे. अंडे स्वच्छ पिवळट दिसले तर ते रिकामे, काढून टाकावे. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. बसलेल्या कोंबडीला रोज ठराविक वेळी पंधरा-वीस मिनिटे उठू द्यावे. स्वतः उठत नसेल तर हळूच उचलून बाहेर ठेवावे. भात किंवा मका, स्वच्छ पाणी आणि राखेचा खड्डा, एवढे पुरते. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघू लागली की घाई करू नका. कवच सोलून पिल्लू बाहेर काढण्याचा मोह मुलांना फार होतो, आणि मोठ्यांनाही. त्या पिल्लांतली बहुतेक मरतात. पोटात शिल्लक असलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज निघते, तेव्हा दाण्याचीही घाई नको.

नंतर तांदळाची बारीक कणी, पिल्लांचे तयार खाद्य मिळत असेल तर ते, आणि उथळ ताटलीत पाणी. ताटलीत चार खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडत नाही. आमच्याकडे वाळवी खाऊ घालायची जुनी रीत आहे: ओलसर पेंढा आणि शेण भरलेले मडके वारुळाजवळ पालथे घालायचे, सकाळी वाळवी भरलेली असते. पिल्ले अशी तुटून पडतात की पाहत राहावे. पहिले आठ-दहा दिवस आईला पिल्लांसह डालग्याखाली ठेवावे. घार, मुंगूस, कावळा कोणी टपलेले असतेच. त्यानंतर आई स्वतःच शिकवते. घारीची सावली पडताच ती जो आवाज काढते आणि पिल्ले पाचोळ्यात जशी नाहीशी होतात, ते विजेच्या दिव्याखाली वाढलेल्या पिल्लांना कोण शिकवणार?

हंगामही पाहावा. आमच्या कोकणात पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसवलेली कोंबडी सर्वांत चांगली. एप्रिल-मेच्या उष्म्यात अंडी बसवण्याआधीच बिघडतात, आणि जून-जुलैच्या ओलीत पिल्लांना रक्ती हगवण लागते.

लसीचे मात्र टाळू नका. गावठी कोंबडी काटक असते हे खरे, पण मानमोडीपुढे कोणाचेच चालत नाही. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा, आठव्या आठवड्यात मानमोडीची टोचायची लस आणि त्याच सुमारास देवीची. वेळापत्रक आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे. अडचण अशी की कुपी शंभर पक्ष्यांची असते आणि आपल्या घरी पिल्ले नऊ. कुपी फोडली की दोनेक तासांत संपवावी लागते, तोवर बर्फात ठेवावी लागते. म्हणून आमच्या मोहल्ल्यात आता सात-आठ घरे मिळून कोंबड्या एकाच आठवड्यात बसवतो. पिल्ले एकदम निघतात, लस एकदम होते, खर्च वाटून जातो. ही कल्पना आमची नव्हे, मोहल्ल्यातल्या बायकांची.

पुढची निवड कशी करावी? आम्ही पूर्वी केली त्याच्या उलट. जी कोंबडी स्वतः बसली, पूर्ण दिवस बसली आणि निघालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पिल्ले मोठी केली, तिचीच अंडी पुढच्या रवणीला. तिच्या पायात रंगीत दोरा. कोंबडाही तशाच आईच्या पोटचा हवा, कारण हा गुण आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, आणि कोंबडा निवडताना आपण फक्त पिसांचा झळाळ पाहतो. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. दीड-दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावच्या कोंबड्याशी बदलावा, नाहीतर बाप-लेकींचीच वीण होऊन पिल्ले दुबळी निघतात. भांडखोर, मुलांच्या अंगावर धावणारा कोंबडा ठेवू नये. झुंजीसाठी म्हणून तर कोणी मागितला तरी देऊ नये. जनावरांना एकमेकांवर सोडण्याची आपल्याला मनाई आहे.

एक जुनी रीत यानिमित्ताने आठवली. परसात सगळीकडे चोच मारणारी कोंबडी हलाल करण्याआधी तीन दिवस बांधून, स्वच्छ दाणा घालून ठेवायची. इब्ने उमर (रजि.) असे करत, हे अनेक घरांत ठाऊक असते. आता बाजारातली कोंबडी तासाभरात भांड्यात जाते, त्यामुळे मुलांना ही गोष्ट नवीच वाटते. घरच्या कोंबडीसाठी ती पाळायला काय कठीण आहे?

खालांना आम्ही सुधारित कोंबड्या काढून टाका असे सांगितलेले नाही. एकदा सांगून झाले तेवढे पुरे. त्या आठ कोंबड्या अंडी देतात, ती विकावीत. त्यांच्या जोडीला तीन-चार गावठी माद्या आणि एक गावठी कोंबडा ठेवला, तर बाजाराचे अंडे एकीकडून आणि घरचे पिल्लू दुसरीकडून मिळते. सुधारित कोंबडीची अंडी मोठी आणि गडद असतात, सहज ओळखू येतात. उबवायला ठेवायची गावठी अंडी पेन्सिलीने खूण करून वेगळी काढावीत. एवढी शिस्त खालांना आमच्यापेक्षा जास्त आहे.

ती उघड्या मानेची लबाड कोंबडी अजून आहे. आता क्वचितच अंडे देते, पण खुराड्यात सर्वांत वरच्या दांड्यावर तीच बसते. तिच्या पोटच्या तीन माद्या आम्ही राखल्या आणि कोंबडा बहिणीच्या गावाहून आणला. त्यांतली एक तलंग खाला येऊन गेल्या त्याच आठवड्यात खुडूक झाली. अकरा अंडी ठेवली होती. सातव्या रात्री टॉर्च धरला तेव्हा दोन रिकामी निघाली, नऊ राहिली. हे लिहितो आहोत तो सतरावा दिवस आहे. खाला मगरिबनंतर रोज एक चक्कर मारतात, पडदा उचलत नाहीत, फक्त कान देऊन आतली गुरगुर ऐकतात. आईसकट सगळी पिल्ले त्यांच्याकडे जायची असे ठरले आहे. बदल्यात त्या आम्हाला एक नर पिल्लू परत देणार म्हणतात. आम्ही नको म्हटले, तर म्हणाल्या, "मग मी टोपलीच नेणार नाही." नऊपैकी किती निघाली ते इन्शाअल्लाह पुढच्या अंकात कळवू.